ग्रुप ट्रिपचा शेवटचा दिवस दिल्लीत: सामान, परतीचं स्टेशन आणि नेमकं काय बघावं

वाटसरू

हिमाचल, काश्मीर नाहीतर उत्तराखंड करून परतणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक ग्रुपना शेवटी दिल्लीत एक दिवस मिळतो. कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे 'दिल्ली दर्शन, संध्याकाळी परतीचा प्रवास' एवढंच लिहिलेलं असतं. मग सकाळी नाश्त्याच्या टेबलावर यादी वाढत जाते: लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, लोटस टेंपल, कुतुबमिनार, जमलं तर अक्षरधाम, आणि बायकांची खरेदी राहिलीच. २५-३० माणसांची बस घेऊन ही यादी एका दिवसात होत नाही. अंतरं मोठी नाहीत, पण प्रत्येक ठिकाणी उतरणं, तपासणीची रांग, तिकिटं, स्वच्छतागृह, पुन्हा जमणं आणि डोकी मोजणं यात बघण्याचा वेळ सोडून ४० ते ५० मिनिटं जातात. पाच ठिकाणं धरलीत तर चार तास नुसते चढउतारीत गेले.

म्हणून शेवटच्या दिवसापुरता एकच नियम पाळावा असं माझं ठाम मत आहे. परतीची गाडी किंवा विमान कुठून आहे ते आधी बघा आणि शहराची तेवढीच बाजू बघा.

गाडी हजरत निजामुद्दीनहून असेल तर हुमायूनचा मकबरा आणि त्याला लागून असलेली सुंदर नर्सरी. दोन्ही स्टेशनपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटर. नवी दिल्ली स्टेशन असेल तर राष्ट्रीय समर स्मारक आणि इंडिया गेट, बंगला साहिब गुरुद्वारा, जंतरमंतर, अग्रसेनची बावडी, कॅनॉट प्लेस. जुन्या दिल्लीहून (दिल्ली जंक्शन) गाडी असेल तर लाल किल्ला, चांदनी चौक. विमान असेल तर कुतुबमिनार आणि मेहरौली, तिथून टर्मिनल ३ साधारण १५ किलोमीटर.

वेळ मागून पुढे मोजावी. समजा गाडी पाचची आहे. सव्वाचारला सगळे फलाटावर हवेत. त्यासाठी पावणेचारला स्टेशनच्या दारात, कारण सामानाच्या एक्स-रे यंत्रापाशी मोठ्या ग्रुपला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पुढे पूल चढायचा असतो. म्हणजे पावणेतीनला बस सुटली पाहिजे. जेवण एक ते अडीच. उरला सकाळी नऊ ते एक, म्हणजे दोन ठिकाणं, फार तर अडीच. नऊला खरंच निघायचं असेल तर ग्रुपला साडेआठ सांगा.

रुळावरचा

एकदम बरोबर. स्टेशनाबद्दल थोडी भर घालतो, कारण गोंधळ तिथेच होतो.

मुंबईच्या दोन राजधानी संध्याकाळी पाचच्या आसपास थोड्याच अंतराने सुटतात. १२९५२ नवी दिल्लीहून, १२९५४ ऑगस्ट क्रांती निजामुद्दीनहून. पुण्याकडे जाणारी गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनहून आणि तीही दुपारी, म्हणजे तिच्या प्रवाशांना जेवणानंतर हातात काहीच वेळ नसतो. झेलम नवी दिल्लीहून. तिकिटावर स्टेशनचा कोड असतो: एनडीएलएस म्हणजे नवी दिल्ली, एनझेडएम म्हणजे निजामुद्दीन, डीएलआय म्हणजे जुनी दिल्ली. ड्रायव्हरला नुसतं 'स्टेशन' म्हणू नका, नाव घ्या. चुकीच्या स्टेशनवर उतरलात तर नवी दिल्लीहून निजामुद्दीन सात-आठ किलोमीटर आहे आणि संध्याकाळी चारनंतर त्याला पाऊण तासही लागू शकतो.

नवी दिल्ली स्टेशनला दोन बाजू आहेत. पहाडगंज बाजूला फलाट १, अजमेरी गेट बाजूला फलाट १६. मेट्रोची पिवळी लाइन आणि विमानतळाची एअरपोर्ट एक्सप्रेस, दोन्ही अजमेरी गेटकडे. गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते दुपारी रेल्वेच्या ॲपवर बघा आणि जवळच्या बाजूला उतरा. चुकीच्या बाजूला उतरलं की सगळ्या बॅगा घेऊन अख्खा पादचारी पूल ओलांडावा लागतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी हमाल खाली, दारातच ठरवा आणि बॅगांची संख्या मोजून एकूण भाव बोला. पुलावर मध्येच ठरवायला गेलात तर भाव वाढलेला असतो.

सांगलीकर

आमचा शेवटचा दिवस सोमवार येतोय. त्याने काही फरक पडतो का?

वाटसरू

खूपच. सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, प्रधानमंत्री संग्रहालय बंद, लोटस टेंपल बंद आणि अक्षरधामही बंद. हुमायूनचा मकबरा, कुतुबमिनार, जंतरमंतर, समर स्मारक, गुरुद्वारे चालू. मुक्काम शनिवारी किंवा रविवारी संपतोय की सोमवारी, हे आरक्षण करतानाच बघितलं तर निम्मे प्रश्न सुटतात.

बाजारांचेही वार आहेत. करोल बाग आणि सरोजिनीनगर सोमवारी बंद. चांदनी चौकातली दुकानं रविवारी बंद. बाबा खडकसिंग मार्गावरची राज्यांची एम्पोरियम रविवारी बंद (आपल्या महाराष्ट्राचं 'त्रिमूर्ती' तिथेच आहे). आयएनएजवळचं दिल्ली हाट मात्र सगळे दिवस चालू. तिथे आत यायला तिकीट आहे, भाव थोडे चढे असतात, पण बसायला जागा, खाणं आणि बरी स्वच्छतागृहं एका आवारात मिळतात. तीस माणसांना एकत्र ठेवायचं असेल तर हा मोठा फायदा आहे.

दख्खनी

बाजूचा नियम पटला, पण एक हरकत आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने लाल किल्ला न बघता परत जाऊ नये. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतल्यावर सैन्याच्या पगारासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढली, तो दिवाण-ए-खास आपण डोळ्यांनी बघू शकतो. वरचं छत आज लाकडी, रंगवलेलं आहे. पानिपतच्या आधी पैशाची ओढाताण केवढी होती, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. पुस्तकात वाचून तितकं पोचत नाही. आतल्या इंग्रजी बराकींत १८५७ आणि सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेवरची संग्रहालयं आहेत, तीही २०१९ नंतर चांगली मांडली आहेत.

गाडी रात्रीची असेल तर निजामुद्दीनवाल्यांनीही सकाळ लाल किल्ल्याला द्यावी. व्हायोलेट लाइनवर 'लाल किला' नावाचंच मेट्रो स्टेशन आहे. आत लाहोरी दरवाज्यातून छत्ता चौक, नौबतखाना, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास आणि एक संग्रहालय एवढं नीट बघायला अडीच तास लागतात. आणि हो, स्वातंत्र्यदिनाच्या आधी बरेच दिवस किल्ला लोकांसाठी बंद असतो. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला जाणाऱ्यांनी तो धरूच नये.

वाटसरू

दख्खनी, रात्रीच्या गाडीला पूर्ण मान्य. पाचच्या गाडीला नाही. लाल किल्ल्याच्या जोडीला ग्रुप चांदनी चौकात शिरतोच आणि तिथे माणसं पांगतात. लाल जैन मंदिरापासून फतेहपुरीपर्यंतचा साधारण सव्वा किलोमीटरचा रस्ता सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद आहे. म्हणजे बस जवळ येऊ शकत नाही. एखादा पराठेवाल्या गल्लीत, एखादा किनारी बाजारात, आणि फोन करून 'तू कुठे आहेस' विचारलं तर दोघांनाही सांगता येत नाही. चांदनी चौक करायचाच असेल तर जमण्याची जागा आधी ठरवा. शीशगंज गुरुद्वाऱ्याचं दार सगळ्यात चांगलं, कोणालाही विचारलं तरी सापडतं.

इतिहासाचंच म्हणाल तर हुमायूनच्या मकबऱ्यातही कमी नाही. बांधकाम १५७० च्या सुमारास पुरं झालं, ताजमहालाच्या बऱ्याच आधी. लाल दगडावरचा पांढरा संगमरवर, चौकोनी पाटांची चारबाग, मध्ये उंच चौथरा हा सगळा नमुना इथे घडला. १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा जफर इथेच पकडला गेला. २०२४ मध्ये आवाराला लागून जमिनीखाली संग्रहालय सुरू झालंय, तिथे वातानुकूलन आहे. मे महिन्यात दुपारी बारा वाजता त्याची किंमत कळते. उजव्या हाताचं ईसाखानचं अष्टकोनी थडगं (१५४७) लोक टाळून पुढे जातात. तसं करू नका, पंधरा मिनिटांत होतं आणि तिथे गर्दी नसते.

मीरा_क

ग्रुपमध्ये साठीच्या पुढचे बरेच असतील तर काही गोष्टी आधी माहीत असाव्यात.

हुमायूनच्या चौथऱ्याचे जिने अरुंद, चढे, पायऱ्या उंच आणि झिजलेल्या. ज्यांना जमत नाही त्यांनी खालून बागेतून प्रदक्षिणा घालावी, तीही छान आहे. दोन जण त्यांच्याबरोबर ठेवा. सुंदर नर्सरी सपाट आहे, बाकं भरपूर, ९० एकरांचं आवार असल्यामुळे सगळं फिरायचा हट्ट धरू नका. कुतुबच्या आवारातही बहुतेक चालणं सपाट आहे. मिनाराच्या आतला जिना १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर बंदच आहे, तेव्हा 'वर जायचं का' हा प्रश्नच नाही. ७२.५ मीटरचा मिनार खालूनच बघायचा. लोहस्तंभाभोवती कठडा आहे, त्याला पाठ लावून हात जुळवायचा जुना प्रकार आता होत नाही.

अग्रसेनच्या बावडीला शंभरावर पायऱ्या आहेत आणि उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. वरून बघितलं तरी पुरे.

बंगला साहिबला जोडाघर (चपला-बूट ठेवायची जागा) मोफत आहे, डोक्याला रुमाल तिथे मिळतो, पण स्वतःचा ओढणी-पंचा नेला तर रांग वाचते. उन्हाळ्यात फरशी तापते, चटईच्या पट्ट्यांवरूनच चालावं. पायमोजे सामानात टाकू नका, हाताशी ठेवा. आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आत कीर्तन चालू असतं. दहा मिनिटं शांत बसून ऐकावं, नुसतं दर्शन घेऊन धावत बाहेर पडू नये.

कट्टेकरी

समर स्मारकाला किती वेळ धरावा? मुलांना कंटाळा येईल का?

दख्खनी

एक तास. प्रवेश मोफत. २०१९ च्या फेब्रुवारीत उघडलं. वर्तुळाकार ग्रॅनाइटच्या भिंतींवर २५ हजारांहून जास्त सैनिकांची नावं कोरलेली आहेत, आणि २०२२ पासून अमर जवान ज्योतही इथल्याच ज्योतीत मिळवली आहे. शेजारी परमवीरचक्र मिळालेल्या २१ जणांचे अर्धपुतळे आहेत. मुलांना तिथे आधी न्या. राम राघोबा राणे यांचा पुतळा शोधायला सांगा: १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणारे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. कोणाची गोष्ट आहे हे कळलं की मुलं भिंतीवरची नावंही वाचायला लागतात. इंडिया गेट तिथून चालत पाच मिनिटं.

बसला तिथल्या गोल रस्त्यावर थांबू देत नाहीत. उतरायचं, बस लगेच पुढे पाठवायची, आणि परत बोलवायला १५ मिनिटं आधी फोन करायचा. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात संचलनाच्या तालमींमुळे तो सगळा भाग वरचेवर बंद असतो, तेव्हा तो दिवस दुसरीकडे काढा.

गोतावळा

सामान आणि गाडीचा करार यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शेवटच्या दिवसाचे सगळे वाद याच दोन गोष्टींवरून होतात.

हॉटेलची चेक-आउट वेळ अकरा-बारा. सकाळी सगळ्या खोल्या सोडा आणि दोनच खोल्या दुपारी तीनपर्यंत ठेवा, एक बायकांना, एक पुरुषांना. बहुतेक हॉटेलवाले यासाठी अर्ध्या दिवसाचं भाडं घेतात. पण हे फक्त हॉटेल स्टेशनच्या वाटेवर असेल तर. करोल बाग-पहाडगंजला राहून निजामुद्दीनहून गाडी असेल तर सामान घ्यायला परत हॉटेलवर जाणं म्हणजे अख्खी दुपार गेली. त्यापेक्षा सकाळीच सगळं सामान बसमध्ये.

सामान बसमध्ये राहणार असेल तर प्रत्येक बॅगेला कुलूप आणि ठळक नंबर. नंबर कुटुंबाप्रमाणे द्या (३/१, ३/२ असे) आणि यादी दोघांकडे ठेवा. पैसे, दागिने, औषधं, तिकिटं, आधार कार्ड, चार्जर हे अंगावरच्या पिशवीत. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही एकाच वेळी बस सोडून जेवायला जाणार नाहीत हे सकाळीच स्पष्ट बोला. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं तर कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, खायच्या वस्तूंची पेटी घेत नाहीत. सफरचंदाचे खोके तिथे अडतात.

गाडी भाड्याने घेताना दिल्लीत नेहमीचा हिशोब ८ तास ८० किलोमीटर असा असतो, आणि तो बऱ्याचदा गॅरेज ते गॅरेज धरतात. म्हणजे गाडी तुमच्याकडे यायच्या आधीच मीटर सुरू. गॅरेज कुठे आहे ते विचारा. जादा तासाचा आणि जादा किलोमीटरचा दर, पार्किंग कोणाकडे, टोल कोणाकडे, एवढं मेसेजवर लिहून घ्या. 'बघून घेऊ साहेब' या उत्तरावर थांबू नका.

सामाईक फंडाचा हिशोब आदल्या रात्री मिटवा. शेवटच्या दिवसासाठी माणशी ठरावीक रक्कम बाजूला काढून ती एकाकडे रोख ठेवा: हमाल, पार्किंग, पाणी, ड्रायव्हरची बक्षिसी. स्टेशनच्या दारात कोणाचंही यूपीआय चालत नाही अशी वेळ येतेच.

रुळावरचा

डोकी मोजण्याची पद्धतही लिहून टाकतो. तीस जणांना एकाने मोजायचं नाही. सहा-सहाचे पाच गट, प्रत्येकाला एक गटप्रमुख, प्रमुखाने फक्त 'पूर्ण' किंवा कोण नाही त्याचं नाव सांगायचं. पती-पत्नी एकाच गटात, पण लहान मूल आणि आजी-आजोबा वेगवेगळ्या प्रमुखांकडे, म्हणजे एकावर दोन्ही जबाबदाऱ्या पडत नाहीत. बसमध्ये बसल्यावर मोजा, दारात नको. दारात माणसं परत उतरतात.

पुरातत्त्व खात्याच्या जागांची तिकिटं आदल्या रात्री ऑनलाइन काढा. हुमायून आणि कुतुबला ऑनलाइन थोडं स्वस्तही पडतं, १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट प्रत्येक गटप्रमुखाकडे ठेवा. सगळी तिकिटं एकाच्याच फोनवर राहिली आणि तो मागे पडला की अख्खा ग्रुप दारात उभा.

सांगलीकर

अक्षरधाम बसवता येईल का? घरच्यांची फार इच्छा आहे.

वाटसरू

प्रवासाच्या दिवशी नको. मोबाइल, कॅमेरा, पिशव्या, कुठलीही इलेक्ट्रॉनिक वस्तू आत नेता येत नाही. सगळं जमा करायची रांग, मग तपासणीची रांग, बाहेर पडताना परत वस्तू घ्यायची रांग. सुट्टीच्या दिवशी यातच दीड-दोन तास जातात. शिवाय आत गेल्यावर फोन नसल्यामुळे ग्रुप पांगला की जमवायला साधन नाही. इच्छा खरी असेल तर दिल्लीत मुक्काम एक दिवस वाढवा आणि दुपारी तीननंतर निवांत जा.

मीरा_क

जेवणाचं: गाडीत बसायच्या दिवशी चाट, दही-भल्ले, रस्त्यावरचं सरबत टाळा. मोह झाला तर सकाळच्या सत्रात, दुपारी नाही. छोले-भटुरे जड पडतात आणि पुढे रात्रभराचा प्रवास. तीस जणांना एका वेळी बसवणारी जागा आदल्या दिवशी फोन करून ठरवा आणि मेन्यू तीनच पदार्थांचा सांगा, नाहीतर ऑर्डर घेण्यातच अर्धा तास. आठवडाभर पनीर आणि राजमा खाऊन कंटाळलेल्यांसाठी महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात चौकशी करायला हरकत नाही. कोपर्निकस मार्ग आणि कस्तुरबा गांधी मार्ग, अशी दोन सदनं आहेत, ती दोन्ही इंडिया गेटच्या जवळ. बंगला साहिबचा लंगर सर्वांना खुला आहे आणि सगळे एका पंगतीत बसू शकतात, पण मांडी घालून बसावं लागतं आणि पानात घेतलेलं टाकायचं नाही. लहान मुलांना थोडं थोडं वाढून घ्या. सेवा म्हणून रोट्या लाटायला हात लावता येतो, ज्यांना इच्छा असेल त्यांनी जरूर लावावा.

कट्टेकरी

विमानवाल्यांसाठी: देशांतर्गत इकॉनॉमीला बहुतेक कंपन्या चेक-इनला १५ किलो आणि हातात ७ किलो देतात. वजनाची सांगड एकाच पीएनआरमध्ये घालतात, म्हणून तिकिटं काढतानाच कुटुंबं एका पीएनआरवर आणा. शाली, अक्रोड, सफरचंद यांनी वजन हटकून वाढतं. पाच-सहाशे रुपयांचा खिशात मावणारा वजनकाटा ग्रुपमध्ये एक असावा, बॅगा हॉटेलवरच तोलाव्यात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. लोणचं आणि मिरचीपूड उलट, चेक-इनमध्ये. सुकं खोबरं चेक-इनला चालत नाही, प्रसादाच्या पिशव्या तपासा.

टर्मिनल १ आणि ३ मध्ये अंतर बरंच आहे. एअरपोर्ट एक्सप्रेस टर्मिनल ३ ला जाते, नवी दिल्लीहून वीस-पंचवीस मिनिटांत. टर्मिनल १ चं स्टेशन मजेंटा लाइनवर आहे. ग्रुपमधल्या चौघांचं विमान आणि बाकीच्यांची गाडी असेल तर बस वळवू नका, चौघांना मेट्रोने सोडा.

गोतावळा

मनालीहून रात्रीच्या बसने येऊन त्याच दिवशी परतीची गाडी धरणाऱ्यांना कळकळीची सूचना. बस काश्मिरी गेट किंवा मजनू का टीला इथे सकाळी पोचते असं कागदावर असतं. जुलै-ऑगस्टमध्ये मंडी-पंडोह भागात दरड कोसळली की हीच बस दुपारनंतर येते. पावसाळ्यात मध्ये एक मुक्काम हवाच. बाकीच्या महिन्यांत जमतं, पण पहाटे आलेल्या माणसांना दुपारी बाराची चेक-इन वेळ सांगून चालत नाही. दोन-तीन खोल्या आदल्या रात्रीपासून भाड्याने घ्या, आंघोळी उरका, नऊला नाश्ता करून निघा. त्या दिवशी एकच ठिकाण ठेवा. न झोपलेल्या माणसांना दुसऱ्या ठिकाणी बसमधून उतरायचंच नसतं.

रुळावरचा

डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे दिल्लीत येणाऱ्या गाड्या पाच-सहा तासही उशिरा येतात, आणि तोच डबा परत जाणार असेल तर तुमची गाडीही उशिरा सुटते. सकाळी ॲपवर तुमच्या नव्हे, उलट दिशेने येणाऱ्या गाडीची स्थिती बघा, म्हणजे दुपारपर्यंत अंदाज येतो. उशीर नक्की दिसला तर निजामुद्दीनच्या फलाटावर थंडीत बसण्यापेक्षा सुंदर नर्सरीत आणखी दोन तास काढता येतात. मात्र बसवाल्याच्या आठ तासांची मर्यादा आधी तपासा आणि सामान उतरवून घ्यायची वेळ त्याच्याशी परत ठरवा.